सीट कुणाच्या मापाची?

(सहकाऱ्यांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे "मुलींचं शिक्षण आणि आपला वाटा" असा विषय छापलाय. पण मी आज सायकलच्या सीटबद्दल बोलणार आहे. काही जण हसताहेत. हसा, मीही आधी हसलेच असते. पण आपण दिलेल्या काही सायकली घराच्या कुडाला टेकून का उभ्या राहिल्या, याचं उत्तर शोधत गेले तेव्हा ते मला सीटमध्ये सापडलं. त्यात चूक आपली होती, आणि सगळ्यांत जास्त माझी.

चार वर्षांपूर्वी आपण आठवीपुढच्या मुलींसाठी सायकली घेतल्या, हे तुम्हाला आठवत असेल. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातूनही मुलींना सायकली मिळतात, पण आपल्या भागातल्या काही पोडांवरच्या मुली तेव्हा राहून गेल्या होत्या. तुम्ही मनापासून दिलं. आम्ही नमुने पाहिले, भाव पाहिला, रंग पाहिला. फोटो निघाले, ते याच पत्रिकेत छापून आले.

दिवाळीनंतर मी झरी-जामणीकडच्या एका कोलाम पोडावर गेले. तिथल्या एका मुलीची सायकल कुडाला टेकलेली होती आणि तिच्यावर गोधडी वाळत घातलेली होती. मुलगी शाळेत पायी जात होती. सात किलोमीटर जायला, सात यायला. आठवड्यातून दोन दिवस तरी घरीच राहायची. मला वाटलं, पंक्चर असेल. टायर दाबून पाहिला तर हवा भरपूर. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तिलेच विचारा ताई." बापाला वाटत होतं, पोरीला शाळेचा कंटाळा आला.

मुलगी सगळ्यांसमोर काही बोलली नाही. आम्ही दोघी विहिरीकडे गेलो तेव्हा हळूच म्हणाली, "ताई, सायकल चांगली आहे. पण तिच्यावर बसाले होत नाही." मग एकेक सांगितलं. अर्ध्या वाटेत खालचं अंग बधिर व्हायचं, मग चुरचुरायचं, कातडी सोलून निघायची. पाळीच्या दिवसांत तर बसणं अशक्यच. हे कोणाला सांगायचं? शाळेत सर, घरी बाप आणि भाऊ. म्हणून तिने सायकल सोडली आणि कारण पोटात ठेवलं.

बंधुभगिनींनो, आपण इथे जरा हिशेब करू. रोजचे चौदा किलोमीटर आणि शाळेचे दोनशे दिवस धरले तर वर्षाला २,८०० किलोमीटर होतात. दोन वर्षांत ५,६०० किलोमीटर. आपल्या वणीच्या पलीकडे, वर्धा नदी ओलांडली की वरोऱ्याला आनंदवन आहे. तिथल्या बाबा आमट्यांनी १९८५ च्या डिसेंबरात तरुणांना घेऊन भारत जोडो ही सायकल यात्रा काढली. कन्याकुमारी आणि काश्मीर जोडणारी ती यात्रा सुमारे पाच हजार किलोमीटरची होती. बाबांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसताच येत नसे, म्हणून ते गाडीत आडवे पडून त्या तरुणांबरोबर गेले. त्या यात्रेची आठवण आजही निघते आणि निघायलाच हवी. पण आपल्या पोडावरची मुलगी शाळेच्या दोन वर्षांत त्याहून जास्त सायकल चालवते आणि तिला सीट टोचते का, हे आपण एकदाही विचारलेलं नव्हतं. लांब पल्ल्याचा सायकलस्वार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हेल्मेट घातलेला शहरातला माणूस येतो. ही मुलगीही लांब पल्ल्याचीच स्वार आहे.

पुढची चूक तर मी एकटीने केली. यवतमाळला आले आणि मऊ जेलच्या तीन गाद्या विकत घेतल्या, सीटवर चढवायच्या. दुकानात बोटाने दाबून पाहिल्या, छान वाटल्या. मुलींनाही दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून बधिरपणा आधीपेक्षा लवकर यायला लागला. मग मी पांढरकवड्याच्या एका सायकल मिस्त्रींना विचारलं. त्यांनी गादी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, गादी मागून पाहू. आधी पोरीला सायकलवर बसवा, मला पाहू द्या." त्या दिवसापासून मी जे शिकले, ते तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी जे सकाळी सायकल घेऊन जांब रोडने लांब जातात, त्यांनाही ते उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट हाडांची. आपण बसतो तेव्हा भार दोन हाडांवर यायला हवा. कठीण बाकावर बसून थोडं डोललं की ती दोन हाडं खाली टोचतात, तीच ही. सायकलवर भार त्यांच्यावर असला तर माणूस तासन्‌तास बसतो. तो भार दोन मांड्यांमधल्या नाजूक भागावर आला की तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आणि बधिरपणा येतो. फार मऊ गादीत नेमकं हेच होतं. हाडं खाली रुततात आणि मधला भाग फुगून वर येतो. बाजारापर्यंत जायला मऊ सीट चालते, पण तासाभराच्या वाटेला ती त्रास देते. बैलबंडी हाकणारा दिवसभर लाकडावर पोत्याची घडी टाकून बसतो, उशी घेऊन बसत नाही, हे आपण पाहिलेलंच आहे.

दुसरी गोष्ट रुंदीची. सीट हाडांइतकी रुंद हवी, आणि हे अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं. माणूस जाड की बारीक यावर ते ठरत नाही. बायकांमध्ये ते सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असतं. मोजायला यंत्र लागत नाही. खोक्याचा नळीदार पुठ्ठा कठीण बाकावर ठेवा, त्यावर बसा, किंचित पुढे झुका, मिनिटभराने उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजा. बहुतेकांचं माप दहा ते चौदा सेंटिमीटरच्या आसपास येतं. त्यात दोन ते चार सेंटिमीटर मिळवा, तेवढी सीट मागच्या बाजूला रुंद हवी.

दोन की चार, हे तुम्ही कसे बसता यावर ठरतं. साध्या सायकलवर आपण ताठ बसतो, जवळजवळ सगळा भार सीटवर येतो. तिथे रुंद आणि खाली स्प्रिंग असलेली जुन्या पद्धतीची सीटच चांगली. गिअरच्या सायकलवर पुढे वाकून बसतात, भार थोडा हातांवर आणि पायांवर जातो. तिथे अरुंद आणि घट्ट सीट लागते, नाहीतर मांड्या घासतात. आपण मुलींना दिलेल्या सायकलींवर दिसायला छान अशा अरुंद सीटी होत्या, पण हँडल मात्र ताठ बसण्याचं. बसणं एका प्रकारचं आणि सीट दुसऱ्या प्रकारची, ही आपल्या निवडीतली चूक होती.

तिसरी गोष्ट, नवी सीट घेण्याआधी जुनी नीट बसवा. यात पैसा लागत नाही, फक्त पाना लागतो. त्या मुलीची सीट दुकानातून आली तशी पार खाली होती आणि तिचं टोक वर उचललेलं होतं. उंची पाहायची ती अशी. कोणीतरी सायकल धरायची, आपण सीटवर बसायचं, पायडल अगदी खाली न्यायचं आणि त्यावर टाच ठेवायची. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा हलकासा वाकलेला राहतो. सीट फार खाली असेल तर पायांवर भार येत नाही, तो सगळा बुडावर येतो. फार वर असेल तर कंबर डावी-उजवी हलते आणि कातडी सोलते.

पण इथे एक अडचण आहे. नवी शिकलेली मुलगी पाय जमिनीला टेकत नसेल तर घाबरते, आणि तिची भीती खरी आहे, कारण आपले रस्ते तसेच आहेत. म्हणून एकदम वर नेऊ नका. दर आठवड्याला बोटभर वाढवा. सीटच्या नळीवर एक खूण असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसेल इतकी नळी वर ओढायची नाही, नाहीतर ती मोडू शकते.

सीट सपाट आहे का, हे तिच्यावर पुढून मागे पट्टी ठेवून पाहा. टोक वर असेल तर नाजूक भाग दाबला जातो. टोक फार खाली असेल तर माणूस पुढे घसरतो आणि मनगटं दुखतात.

एवढं करूनही बधिरपणा येत असेल, तर मधे खाच किंवा पोकळी असलेली सीट पाहा. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना पुढचं टोकच नसलेली सीट सहा महिने वापरायला दिली होती. तिथल्या सरकारी कामगार-आरोग्य संस्थेचा हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांचा बधिरपणा गेला. आपल्याकडे तशी सीट शोधण्याची गरज नाही, पण त्यातून एक गोष्ट कळते. सुरुवातीचे एक-दोन आठवडे हाडं दुखतात, ते सवयीने कमी होतं. बधिर होणं ही मात्र सवय होण्याची गोष्ट नाही. सीट बदला किंवा तिची जागा बदला, हे शरीर सांगत असतं.

काही जण चामड्याच्या सीटबद्दल विचारतात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या जॉन ब्रूक्स यांचा घोडा मेला, म्हणून ते उसन्या सायकलवर बसले. ती सीट इतकी टोचली की त्यांनी स्वतःच सीट बनवायला घेतली. १८८२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यांच्या नावाच्या सीटी आजही लांब पल्ल्याचे लोक वापरतात. ताणलेलं चामडं हळूहळू बसणाऱ्याच्या हाडांचा आकार घेतं. पण ती महाग असते आणि आपल्या पावसात भिजली तर बिघडते. शाळेच्या मुलीला साधी रेक्झिनची, स्प्रिंगची, मापाची सीट पुरे.

शेवटची गोष्ट बायकांनी मुलींशी बोलायची आहे. आतले कपडे सुती आणि कोरडे असावेत, जाड शिवण बसण्याच्या जागी येऊ नये. खड्डा आला की पायडलवर उभं राहावं, आणि सपाट रस्त्यावरही अधूनमधून काही क्षण सीटवरून उठावं, म्हणजे रक्त फिरतं. कातडी सोलली तर धुऊन, कोरडी ठेवून दोन दिवस विसावा द्यावा, आणि जखम चिघळली तर नर्सताईंना दाखवावं. हे बोलायला आपण लाजलो तर मुलगी शाळा सोडेल, पण कारण सांगणार नाही.

आता पुढे काय झालं ते सांगते. मिस्त्रींनी त्या मुलीची सीट वर घेतली, सपाट केली, आणि महिन्याभराने रुंद स्प्रिंगची सीट बसवली. ती पुन्हा सायकलने जाऊ लागली. यंदा तिने दहावीची परीक्षा दिली. सगळं इतकं सरळ झालं नाही. दुसऱ्या एका मुलीला सायकलच मोठी होती, सीट कितीही खाली केली तरी पुरेना. ती सायकल आम्ही तिच्या मोठ्या बहिणीला दिली आणि तिला लहान सायकल मिळेपर्यंत एक सत्र गेलं. तिसरीने तोवर शाळा सोडलेली होती. तिच्या घरी मी तीनदा जाऊन आले. ती आता कापूस वेचायला जाते. सीट हेच एक कारण होतं असं मी म्हणत नाही, पण ते एक कारण होतं, आणि ते आम्हाला पाना आणि पुठ्ठा घेऊन एका दुपारी दूर करता आलं असतं.

म्हणून या वर्षी माझी मागणी सायकलींच्या संख्येची नाही. सायकली कमी दिल्या तरी चालतील, पण प्रत्येक सायकल मुलीला तिच्यावर बसवून, मोजून द्यायची. वाटपानंतर पंधरा दिवसांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी कोणीतरी पोडावर जायचं. त्यासाठी मला तुमच्यातले असे भाऊ हवेत ज्यांना पाना धरता येतो, आणि अशा बहिणी हव्यात ज्या मुलीला बाजूला घेऊन विचारू शकतील, "बाई, बसायला त्रास होतो का?" तुमच्या घरी जुन्या सायकलची रुंद स्प्रिंगची सीट पडून असेल तर तीही आणा, स्प्रिंग शाबूत असली म्हणजे झालं.

बाहेर पडताना दाराजवळ बाकावर पुठ्ठे आणि पट्टी ठेवली आहे. स्वतःचं माप घेऊन पाहा, म्हणजे उद्या मुलींचं घेता येईल. नावं नोंदवायची वही तिथेच आहे. पहिली फेरी नाताळच्या सुटीआधी काढायची आहे.

प्रभू आपल्या हातांना बळ देवो.