घर बदलले, बियाणे तेच



आजचा विषय वरवर पाहता निव्वळ यांत्रिक वाटेल. टॉरेंटने मिळवलेल्या फायली एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवल्या, तर त्या इतरांना पुरवण्याचे काम पुढे कसे चालवावे, एवढाच तो प्रश्न. परंतु त्यात सार्वजनिक ठेव्याच्या राखणीचा प्रश्न दडलेला आहे.

बिटटॉरेंट ही पद्धत ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली जगापुढे ठेवली. तिचे मर्म असे की, फाइल एकाच भांडारातून उतरवायची नाही; तिचे तुकडे करावयाचे आणि ज्याच्यापाशी जो तुकडा असेल त्याने तो दुसऱ्यास द्यावयाचा. सगळे तुकडे जवळ असून जो देतच राहतो, तो सीडर. सीड म्हणजे बी. पुढच्या पेरणीसाठी कणगीत बियाणे राखणारा शेतकरीच तो!

आता टॉरेंट फाइलीत असते काय? फायलींची नावे, त्यांचे आकार आणि प्रत्येक तुकड्याची गणिती खूण. सातशे मेगाबाइटांच्या फाइलीचे २५६ किलोबाइटांचे तुकडे पाडले, तर ते २८०० होतात. मूळ पद्धतीत प्रत्येकाची २० बाइटांची खूण त्यात नोंदलेली असते. मात्र तुमच्या घरी ती फाइल कोणत्या ड्राइव्हवर आहे, हे त्यात मुळीच नसते. तो पत्ता फक्त तुमच्या प्रोग्रामच्या वहीत असतो. ग्रंथालयाने कपाट बदलले म्हणून ग्रंथ बदलत नाही. बदलावी लागते ती चिठ्ठी.

म्हणून रीत अशी. क्यूबिटटॉरेंट किंवा ट्रान्समिशन यांसारख्या प्रोग्राममध्येच जागा बदलण्याची सोय आहे. तिच्याकडून फायली हलवून घ्याव्यात, हे उत्तम. हाताने हलवायच्या असतील, तर आधी टॉरेंट थांबवावा, फायलींची नक्कल नव्या ड्राइव्हवर करावी, प्रोग्रामला नवी जागा सांगावी आणि पुन्हा पडताळणी करवावी. पडताळणीत प्रत्येक तुकडा वाचून त्याची खूण ताडली जाते. यास वेळ लागतो, पण इंटरनेटवरून काही उतरवावे लागत नाही. शंभर टक्के जुळले की सीडिंग सुरू करावे. जुनी प्रत पुसायची ती त्यानंतरच, आधी नव्हे.

शून्य टक्के आले तर घाबरू नये. बहुधा फोल्डर ज्यात आहे ती जागा सांगण्याऐवजी आपण फोल्डरच दाखवलेला असतो, किंवा त्याचे नाव बदललेले असते. थोडेच तुकडे जुळले नाहीत, तर एखाद्या फाइलीत आपणच फेरफार केलेला असू शकतो. गाण्याच्या फाइलीत गायकाचे नाव दुरुस्त केले तरी खूण बदलते. तसेच टॉरेंट चालू केला, तर प्रोग्राम ते तुकडे नव्याने उतरवून आपली दुरुस्ती पुसून टाकील. विंडोजमध्ये बाहेरच्या ड्राइव्हचे अक्षर कधी बदलते. ते कायमचे ठरवून द्यावे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आपले काम तर झाले! श्रोतेहो, येथेच मर्म आहे. शेवटचा सीडर निघून गेला आणि उरलेल्या सर्वांपाशी मिळूनही एक तुकडा कमी असला, तर ती फाइल कोणालाच पुरी मिळत नाही. आणि गंमत अशी की, तिची अखंड प्रत त्या सीडरच्या नव्या ड्राइव्हवर सुखरूप असते!

अर्थात, वाटण्याचा हक्क असेल तेच वाटावे. डेबियनसारख्या मुक्त प्रणाली टॉरेंटनेही दिल्या जातात. इंटरनेट अर्काइव्हने २०१२ पासून आपल्या संग्रहातील पुष्कळ साहित्य याच मार्गाने खुले केले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. १९५० साली निवर्तलेल्या साने गुरुजींचे साहित्य २०११ च्या आरंभी असे मुक्त झाले. कायदा दार उघडतो. आत दिवा तेवत ठेवायचा तो आपण.

नवा ड्राइव्ह घ्याल, तेव्हा सामानाबरोबर ही जबाबदारीही हलवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.