खून आपल्या तालुक्यातला



मराठी वाचकाला रहस्यकथेचं वेड लावलं ते बाबूराव अर्नाळकरांनी. १९०६ साली जन्मलेल्या या लेखकानं हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही नावं घराघरांत पोचली. पाठलाग, पिस्तुलं, वेषांतर असा तो थरार होता.

रहस्यकथेची आणखी एक जात आहे. तिच्यात खून होतो, पण रक्तपाताची वर्णनं नसतात. गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. उलगडा करतं ते गावातलंच एखादं साधं माणूस. १९३० साली अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल पहिल्यांदा कादंबरीत आली, ती अशीच एक खेड्यातली वृद्धा. अशी कथा मराठीत लिहायची, तर आपल्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांसारखी जागा नाही.

नारायणगाव घ्या. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथं तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, तारखा आणि सुपाऱ्या ठरतात. त्या गर्दीत एखादा फडमालक मेलेला सापडला, तर कोणती तारीख कोणाच्या हातून गेली आणि कोण चिडून उठलं, हे फौजदाराच्या आधी शेजारच्या चहावाल्याला ठाऊक असेल.

उसाच्या कडेला प्रेत दिसलं, तर पहिला संशय बिबट्यावर. इथं तो उसातच राहतो, पिल्लं वाढवतो; जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रही आहे. पण बिबट्या मान धरतो, भक्ष्य ओढून नेतो, ओल्या मातीत त्याचे पंजे उमटतात. रात्री दारं धरायला जाणारी शेतकरीण माग बघून सांगेल, हे जनावराचं काम नाही.

आंबेगावात घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि मूळ आंबेगाव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या गावाच्या खुणा उघड्या पडतात. त्यांच्यासोबत एखादा जुना वादही वर आला, तर कोणाचा वाडा कुठं होता आणि कोणाचं कोणाशी वाकडं होतं, हे सांगणारी एखादी आजीच त्या कथेतली गुप्तहेर.

बिबट्याच्या हल्ल्यात या भागातली माणसं खरोखर गेली आहेत. धरणाखाली खरी घरं बुडाली आहेत. इथं मृत्यू हा करमणुकीपुरता वापरता येणार नाही. म्हणूनच मला रहस्यकथेची ही जात जवळची वाटते. तिच्यात मेलेल्या माणसाला नाव असतं, घर असतं, त्याच्यासाठी रडणारं कोणी असतं. आणि पुरावा मिळतो तो माणसांच्या एकमेकांशी असलेल्या ओळखीतून.

तरुण लेखकांना माझी कळकळीची विनंती आहे. तपासाला मुंबईहून कोणी आणू नका. तलाठ्याचा सात-बारा, बाजार समितीतली पट्टी आणि देवळाच्या पारावरचं बोलणं पुरेसं आहे. आणि खुनी सापडला की लगेच लेखणी ठेवू नका. त्याच्या घरच्यांना उद्या त्याच गावात राहायचं असतं, त्याच विहिरीवरून पाणी आणायचं असतं. ते कसं घडतं, तेही लिहा.