मध्यरात्रीचं तेल

दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. फडाशेजारी खोपी आणि रात्री-अपरात्री गाडी आली की उठून मोळ्या भरायच्या. अशात रविवारची उपासना कुठली? मग या टोळीतल्या ख्रिस्ती माणसानं देव शोधायचा कुठे? मत्तयाच्या शुभवर्तमानातला पंचविसावा अध्याय इथे कामी येतो. दहा कुमारींच्या दाखल्यात त्या ज्याची वाट पाहत असतात तो नवरदेव मध्यरात्री येतो. डुलकी दहाही जणींना लागलेली असते, फरक पडतो तो दिव्यासाठी जवळ ठेवलेल्या तेलानं, म्हणजे तयारीनं. दमलेल्याच्या झोपेला तिथे दोष नाही.

कष्टाला अध्यात्माचा मुलामा दिला की पिळवणूक झाकली जाते, असं कुणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. पण आदल्याच अध्यायात तयार चाकर कोण, तर घरच्यांना वेळेवर जेवू घालणारा. धन्याला उशीर होतोय म्हणून सोबत्यांना मारणारा दोषी ठरतो. तेव्हा टोळीच्या मुकादमानं मजुरांना आगाऊ दिलेल्या उचलीचा हिशेब चोख ठेवणं हीसुद्धा, माझ्या मते, आध्यात्मिक तयारीच. तयारी अशी कामातच होत असेल, तर मग चर्च हवं कशाला? शेजारच्या अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) दीर्घकाळ राहिलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्तभक्ती अभंगांत आणली आणि १९१७मध्ये ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमुदाय उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा होती. चर्चच्या भिंती त्यांनी ओलांडल्या, पण सोबत सोडली नाही. आणि अभंग तर चारजणांना खोपीपुढेही म्हणता येतो.