फोनची किल्ली कुणाकडे?

कुणी चुलीपाशी असाल, कुणी गोठ्यात, कुणी डाळिंबाच्या बागेत छाटणीला. मी आपल्या खानापूर-आटपाडी भागातल्या बचत गटांचं काम बघते. आज फोनबद्दल बोलायचंय. म्हणजे फोनच्या आत बसलेल्या अशा एका गोष्टीबद्दल, जिची चौकशी दुकानात कुणीच करत नाही.

हल्ली गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी आली की कारणाच्या रकान्यात शेळी, शिलाई मशीन, मुलाची फी यांच्या जोडीला "मोबाईल घेणे" असं लिहिलेलं असतं. एका गटात यावरून चांगलीच वादावादी झाली. एक आजी म्हणाल्या, फोन ही चैन आहे, चैनीला गटाचा पैसा द्यायचा नाही. कर्ज मागणारी ताई चटणी आणि शेवयांच्या ऑर्डरी घेते. ती म्हणाली, "आजी, माझं दुकानच त्या फोनात आहे." मग कुठला घ्यायचा यावर चर्चा सुरू झाली. कॅमेरा किती, बॅटरी किती, रंग कुठला, भाच्याकडं कुठला आहे. पुतण्याचं म्हणणं, घ्यायचा तर आयफोनच घ्या, जुना मिळतो. दीर म्हणे अँड्रॉइड घ्या. आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी बी.ए. केलं ते मराठी घेऊन, पण गटाच्या कामात हे सगळं शिकावं लागलं.

अँड्रॉइड आणि आयओएस ही फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमची नावं. आयओएस म्हणजे आयफोनच्या आत असते ती. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे मी गटात आपल्या पेटीवरून सांगते. आपली पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या घरी. पेटी कधी उघडायची, कुणासमोर उघडायची, किती पैसे काढायचे, याचे नियम ठरलेले. फोनमध्ये हे नियम ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळते. व्हॉट्सॲप, पैसे पाठवायचं ॲप, गाण्याचं ॲप या सगळ्या फोनमधल्या सभासद. कुणाला कॅमेऱ्याची किल्ली द्यायची, कुणाला मेसेज वाचू द्यायचे, कुणाला दारातच थांबवायचं हे ती बघते. "परवानगी द्यायची का?" असं फोन विचारतो ना, आणि आपण न वाचता "हो" दाबतो, ती किल्ली मागायला आलेली असते.

आता बाजारात खरी निवड दोघींतच उरलीय. पूर्वी तसं नव्हतं. जुन्या नोकियात सिंबियन असायची. मायक्रोसॉफ्टची विंडोज फोनसाठी होती, तिचा आधार 2019 च्या डिसेंबरात संपला. त्याच महिन्याच्या शेवटी व्हॉट्सॲपनंही त्या फोनमधून काढता पाय घेतला. फोन धडधाकट, पण आत कामाचं ॲप चालत नाही, मग त्याचा उपयोग काय? 2017 साली जिओफोन आला. पंधराशे रुपये अनामत, बटणांचा. आपल्याकडं पुष्कळ घरांत तो आला. त्याच्या आत कायओएस नावाची सिस्टिम आहे. पुढच्या वर्षी त्यात व्हॉट्सॲप आलं, आणि 2024 च्या जूनमध्ये कायओएसच्या स्टोअरमधून ते निघालं. ज्यांच्याकडं आधीपासून होतं त्यांनाही 2025 च्या सुरुवातीपर्यंतचीच मुदत मिळाली. बोलायला तो फोन अजून उत्तम आहे. पैसे पाठवायलाही बटणांच्या फोनवरून यूपीआय 123पे ही सोय 2022 पासून आहे, ती तुम्ही जरूर वापरा. पण धंद्याच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येत असतील तर त्याच्यावर भागणार नाही. म्हणून फोन घेताना पहिला प्रश्न हाच, की माझ्या रोजच्या कामाची ॲप याच्यात चालतात का, आणि पुढं चालत राहतील का.

या प्रश्नावर आयफोनचं काय होतं ते एका ताईच्या उदाहरणावरून सांगते. आपल्या भागातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या कामाला देशभर गेलेली आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. या ताईंचे मालकही तिकडं दक्षिणेत. दिवाळीला येताना त्यांनी बायकोसाठी वापरलेला आयफोन आणला. फोन देखणा. ताई गटाच्या सचिव, मोठ्या हौसेनं बैठकीला घेऊन आल्या. व्हॉट्सॲप चाललं, यूपीआय चाललं, चटणीच्या बरण्यांचे फोटो तर असे आले की बघत राहावं. पण "उमेद"च्या गटांचे व्यवहार आता लोकओएस या ॲपमध्ये भरायचे असतात. नावात ओएस असलं तरी ती ऑपरेटिंग सिस्टिम नाही बरं का, साधं ॲप आहे, आणि अँड्रॉइडसाठी बनवलेलं आहे. म्हणजे गटाच्या हिशेबाला या फोनचा उपयोग नाही.

दुसरी अडचण आणखी मोठी होती. मुलानं काहीतरी दाबून फोन पहिल्यासारखा कोरा केला, आणि चालू करताना फोन जुन्या मालकाच्या खात्याचा पासवर्ड मागायला लागला. चोरीचा फोन विकता येऊ नये म्हणून आयफोनमध्ये हे कुलूप 2013 पासून आहे. अँड्रॉइडमध्येही तसलंच कुलूप असतं. चोरासाठी ते चांगलं, पण दुकानदारानं जुन्या मालकाचं खातं न काढताच फोन विकलेला असेल तर आपण चोर नसूनही बाहेर. मालकांनी दुकानदाराला गाठलं, दुकानदारानं जुन्या मालकाला, त्यानं तिकडून खातं काढलं, तेव्हा पंधरा दिवसांनी फोन उघडला. कुठलाही वापरलेला फोन घ्यायचा तर दुकानातच तो कोरा करून, आपल्या खात्यानं चालू करून मगच पैसे द्या. दुकानदार घाई करायला लागला तर उठून या.

आयफोनला नावं ठेवायची म्हणून हे सांगत नाही. त्याच्या दोन गोष्टी मला पटतात. एक म्हणजे त्याला अपडेट वर्षानुवर्षं मिळतात. 2015 साली आलेल्या मॉडेलला 2022 पर्यंत नवी सिस्टिम मिळत होती. दुसरी म्हणजे त्याच्यात ॲप येतं ते कंपनीच्या स्टोअरमधूनच. व्हॉट्सॲपवर आलेली फाईल दाबली आणि ॲप बसलं, असं तिथं होत नाही. अँड्रॉइडमध्ये होतं, आणि इथं जरा थांबायला हवं.

लग्नसराईत फोनवर पत्रिका येते. तुम्हीही पाहिली असेल. नंबर ओळखीचा नसतो, पण वाटतं असेल कुणी पाहुणा. फोटो किंवा पीडीएफ असेल तर ठीक. पण नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नाही, ते ॲप आहे. ते बसवलं की मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि मग बँकेचा ओटीपी तुमच्याआधी ते वाचतं. शेजारच्या गावात एका घरी असंच झालं. मुलीच्या लग्नासाठी खात्यात ठेवलेले पैसे दुसऱ्याच लग्नाच्या पत्रिकेनं नेले. त्यांनी लगेच 1930 या सायबर हेल्पलाईनला फोन लावला म्हणून काही रक्कम वाटेत अडवता आली. 1930. लिहून ठेवा, चुलीमागच्या भिंतीवर लिहा. अशा वेळी घरात कोण रागावेल याचा विचार नंतर, आधी फोन. जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात.

अँड्रॉइडचं दार मुळात उघडं ठेवलेलं आहे. म्हणूनच कितीतरी कंपन्या त्याच्यावर स्वस्त फोन काढू शकल्या आणि तो आपल्या हातात आला. पण त्या दाराला कडी आहे आणि ती आपल्याला लावता येते. सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी ॲप बसवायची परवानगी कुणाकुणाला दिलीय ते बघा. तिथं व्हॉट्सॲप आणि क्रोमसमोर "नाही" असलं पाहिजे. आणि प्ले स्टोअरवर आहे म्हणून सगळं चांगलंच, असंही धरू नका. झटपट कर्ज देणारी ॲप तिथंही सापडली होती, फोनमधले नंबर उचलून नातेवाइकांना धमक्या देणारी. 2023 पासून गुगलनं कर्जाच्या ॲपना फोनमधले नंबर आणि फोटो बघायला बंदी केली. तरी मी म्हणेन, आपल्या गटात शेकडा एक-दोन रुपयांनी पैसे मिळत असताना त्या वाटेला जायचंच कशाला?

आता अपडेटचं बघू. अपडेट म्हणजे दाराच्या फटी बुजवणं. चोर नव्या फटी शोधत असतात, कंपनी बुजवत असते, आणि एक दिवस कंपनी म्हणते, या मॉडेलच्या आम्ही यापुढं बुजवणार नाही. आयफोन आणि आयओएस एकाच कंपनीची, त्यामुळं तिथं अपडेट थेट येतं. अँड्रॉइड गुगलचं आणि फोन दुसऱ्या कंपनीचा असतो, त्यामुळं किती वर्षं अपडेट द्यायचं ते फोनची कंपनी ठरवते. महागड्या काही अँड्रॉइड फोनना आता सात वर्षांची हमी मिळते. आपण घेतो त्या स्वस्त फोनना ती फार कमी असते. आणि ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपण घेतल्यापासून नाही! म्हणजे सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळालेला तीन वर्षांपूर्वीचा फोन नवा कोरा असला तरी आतून म्हातारा असू शकतो. 2025 पासून अँड्रॉइड पाचच्या आधीच्या फोनवर व्हॉट्सॲपही चालत नाही. सेटिंगमध्ये अगदी खाली "फोनविषयी" असं असतं. तिथं अँड्रॉइडचा आकडा दिसतो आणि सुरक्षा अपडेटची तारीख. घ्यायच्या आधी दुकानात ती तारीख वाचायला सांगा. दुकानदार चमकून बघेल, बघू दे.

मेमरीकडंही लक्ष ठेवा. 2021 च्या ऑगस्टमध्ये आपल्या राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी शासनानं दिलेले मोबाईल परत केले होते, आठवतं का? दोन जीबी रॅमचे फोन, त्यात पोषण ट्रॅकर नीट चालेना, फोन तापायचे, बंद पडायचे, आणि ॲप इंग्रजीत. काम करणाऱ्या बाईला विचारून फोन घेतला असता तर ती वेळ आली नसती. कमी मेमरीच्या फोनसाठी अँड्रॉइडची "गो" नावाची हलकी आवृत्ती असते. घरगुती वापराला ती चालेल. गटाचा हिशेब, बँक आणि ऑर्डरी एकाच फोनवर असतील तर चार जीबीच्या खाली जाऊ नका, असं मी सांगते.

राहिली ती गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अँड्रॉइड असो की आयफोन, चालू करताना तो एक खातं मागतो, ईमेल आणि पासवर्ड. आपल्याकडं हे खातं कोण उघडतं? बहुतेक वेळा नवरा, दीर, नाहीतर दुकानातला पोरगा. मी एका गटात अकरा जणींना विचारलं, सात जणींना आपल्या फोनचं खातं कुठलं हेच माहीत नव्हतं. आता लक्षात घ्या, ज्याच्याकडं खात्याचा पासवर्ड, त्याला आपला फोन कुठं आहे हे नकाशावर बघता येतं. फोन लांबून लॉक करता येतो, आतलं सगळं पुसताही येतं. नंबर आणि फोटो त्या खात्यात साठत असतील तर तेही दिसतात. घरात सगळं गोड असतं तोवर कुणाला काही वाटत नाही. एक भगिनी नांदायला न जाता माहेरी राहतात. त्या कुणाकडं गेल्या, वकिलाला कधी भेटल्या, हे सासरी कळायचं. कोण सांगतं म्हणून बहिणीवर संशय घेऊन झाला. सांगत होता तो फोन. खातं नवऱ्याच्या नावानं होतं. नवं खातं उघडलं, पासवर्ड वहीत न लिहिता पाठ केला, आणि बहिणीशी अबोला सुटला.

आपल्या नावाचं खातं उघडायला दहा मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. त्याला आपलाच मोबाईल नंबर जोडा. इंग्रजी अडत असेल तर अँड्रॉइडमध्ये भाषा मराठी करून घ्या, बोलून टाईपही करता येतं. आयफोनवर मराठी कीबोर्ड आहे.

त्या चटणीवाल्या ताईंचं काय ठरलं ते सांगते. गटानं दहा हजार मंजूर केले, दहा हप्ते. इतिवृत्तात तीन अटी लिहिल्या: फोन अँड्रॉइडचा आणि नव्या मॉडेलचा, बिल आणि खातं ताईंच्या नावावर, आणि परतफेड संपल्यानंतर निदान दोन वर्षं तरी त्या मॉडेलला अपडेट मिळत असलं पाहिजे. ही तिसरी अट त्या चैनवाल्या आजींनीच घातली. म्हणाल्या, हप्ते फिटायच्या आत मरेल अशी शेळी आपण घेत नाही. सचिव ताईंचा आयफोन त्यांच्याकडंच आहे, बरण्यांचे फोटो त्याच काढतात.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं आपला फोन घेऊन यायचं. सुरक्षा अपडेटची तारीख बघू, कुणाचं खातं कुणाच्या नावावर आहे ते बघू, आणि ज्यांना नवं उघडायचंय त्यांचं तिथंच उघडू. बैठकीच्या खोलीत प्लग एकच आहे, म्हणून फोन घरूनच चार्ज करून आणा.