बापाची शोकांतिका

लेन वाइजमन यांचा ‘अंडरवर्ल्ड : इव्होल्यूशन’ हा चित्रपट जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेत झळकला. २००३ च्या ‘अंडरवर्ल्ड’मधील रक्तपिपासू पिशाचे आणि लांडग्याचे रूप घेणारी माणसे यांचे वैर त्यात पुढे चालते. कथानक गुंतागुंतीचे, रक्तपात अतोनात, असा ठपका बहुतेक समीक्षकांनी ठेवला. प्रेक्षकांनी मात्र गर्दी केली. समीक्षकांचे म्हणणे खोटे नव्हे. पण डेरेक जॅकोबी यांनी रंगविलेल्या वृद्ध पित्याचे काय? एक पुत्र वटवाघळाच्या दंशाने पिशाच झालेला, दुसरा लांडग्याच्या दंशाने पशू. शतकानुशतके तो त्यांची पापे झाकीत राहतो. वध करवत नाही. अखेर मुलाच्याच हातून घायाळ होऊन तो आपले रक्त नायिका सेलीनला पाजतो, तेही त्याच मुलाशी झुंजण्याचे बळ तिला यावे म्हणून. या प्रसंगाच्या वाट्याला चित्रपटात मिनिटे मात्र थोडीच येतात.