वार आकाशात नाही



जोतिबाची मोठी यात्रा चैत्री पौर्णिमेची. देवाचा वार मात्र रविवार. पौर्णिमा वाडीच्या डोंगरावरून डोळ्यांनी दिसते. रविवार आकाशात कितीही शोधला तरी सापडणार नाही. तो मोजावाच लागतो.

दिवस, महिना आणि वर्ष ही माने पृथ्वी, चंद्र आणि सूर्य यांच्या गतीवरून आली. आठवडा त्यांपैकी कशातच बसत नाही. चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा; वर्षाचे ५२ आठवडे भरले तरी एक दिवस उरतोच. वारांना ग्रहांची नावे आहेत खरी. पण सात ग्रह क्रमाने २४ होऱ्यांना वाटले, की तीन होरे उरतात, म्हणून शनीमागून रवी आणि रवीमागून सोम. हा हिशेब पाटीवरचा आहे. आपल्याकडे तिथी जुनी, वार मागाहूनचा. मध्य प्रदेशातील एरण येथील इ. स. ४८४ चा शिलालेख हा वाराच्या जुन्या उल्लेखांपैकी एक होय.

आकाशाचा आधार नाही, म्हणून सत्ताधाऱ्यांनी आठवडा मोडूनही पाहिला. फ्रान्सने १७९३ साली दहा दिवसांचा आठवडा काढला. विश्रांती सातव्याऐवजी दहाव्या दिवसावर गेली. रशियाने १९२९ साली पाच दिवसांचा केला. कामगारांचे पाच गट पाडून प्रत्येकाला वेगळी सुटी दिली. यंत्रे थांबेनात, पण नवऱ्याची सुटी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या! फ्रान्समध्ये तो प्रकार नेपोलियनने मोडीत काढला. रशियाही १९४० साली सातांवर परतला.

आपल्याकडे गिरणीकामगाराला हक्काची साप्ताहिक सुटी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी पदरात पडली.

मंडळी, आपल्या शहरात मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार, रविवार अशा पेठाच आहेत. वार आपल्या अंगवळणी पडले आहेत. पण अमावास्या कोणा मालकाला पुढे ढकलता येत नाही. सुटी ढकलता येते. आज पाळीने राबणाऱ्या कितीतरी घरांत सर्वांची सुटी एका दिवशी येत नाही. ज्याला आकाशाचा आधार नाही, त्याला माणसांच्या शब्दाचाच आधार. तो शब्द आपण सर्वांनी मिळून पाळला पाहिजे.