भिंत ओली का, ते आधी बघू

आम्ही जूचंद्रच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. वसई रोड-दिवा रेल्वेमार्गावर, चंडिका मातेच्या डोंगराजवळचं आमचं गाव. रांगोळीसाठी आमचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पण आज रांगोळीबद्दल बोलायचं नाही. ज्या घरात ती काढतो, त्या घराच्या ओलीबद्दल बोलायचं आहे. तसं म्हटलं तर दोन्हीचा संबंध आहेच. ओल्या खोलीत ठेवलेल्या रंगाच्या पुड्यांचे खडे होतात, हे आमच्याकडच्या पोरींना पावसाळ्यात आईच्या आधी कळतं.

मागच्या वर्षी एप्रिलच्या बैठकीत आमच्यातल्या एका काकूंनी पस्तीस हजारांचं कर्ज मागितलं. कारण काय, तर स्वयंपाकघराची भिंत ओली होते, आतून वॉटरप्रूफ रंग मारून घ्यायचा. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी बांगडी मोडून तोच रंग एकदा मारून घेतला होता. गणपतीत भिंत गुळगुळीत दिसली, शिमग्यापर्यंत पोपडे आले. घरात सासूबाईंना दमा. भिंतीवर काळी बुरशी आली की त्यांचा खोकला रात्रभर. म्हणजे मागणी काही हौसेची नव्हती. पण गटातल्या एका आजींनी विचारलं, "बाय, एप्रिलात पाऊस कुठला गो? मग भिंत ओली कशानं?"

सगळ्या गप्प झालो. मग ठरवलं, रविवारी घर बघायचं आणि कर्जाचं नंतर बोलायचं.

जाताना बरोबर काय नेलं, तर एक रुपयाचं नाणं, खडू, बॅटरी, चिकटपट्टी आणि पिठाच्या रिकाम्या पिशव्यांचं प्लास्टिक. एवढ्यावर घराची बरीच तपासणी होते. एक गोष्ट मात्र आधी सांगतो. ओल्या भिंतीत बटणांचा बोर्ड असेल, तर त्याला हात लावायचा नाही, फडक्याने पुसायचाही नाही. मेन स्विच बंद करायचा आणि वायरमनला बोलवायचं. काकूंच्या घरी फ्रिजचा बोर्ड त्याच भिंतीत होता आणि कधी कधी "मुंग्या येतात" असं त्या हसत सांगत होत्या. आम्हाला हसू आलं नाही. त्या दिवशी पहिलं काम वायरमनचं झालं. वीज गळू लागली की लगेच ती तोडणारा स्विच मिळतो, तोही बसवला. रंगाआधी तो हवा.

भिंत नीट पाहिली तेव्हा कळलं की ओल एक नव्हती, दोन होत्या. आणि बहुतेक घरांत फसगत इथेच होते.

खाली गुडघ्यापर्यंत चारही भिंतींना पांढरा भुरा फुटला होता. त्याला आपण लोणा म्हणतो. आमच्या आसपास मिठागरं आणि खाडी. जमिनीतलं खारं पाणी विटांतून वर चढतं, जसं दिव्यातलं तेल वातीतून चढतं. पाणी वाळून उडून जातं आणि मीठ मागे राहतं. ते फुलतं, आणि गिलावा आतून ढकलून पाडतं. जोत्यावर ओल अडवणारा थर घातलेला नसेल, किंवा बाहेरची माती जोत्याच्या वर आली असेल, तर हे होणारच. काकूंचं घर बांधलं तेव्हा तीन पायऱ्या चढून आत जावं लागायचं. रस्त्यावर दर वेळी नवा थर पडला, शेजारी भराव झाला, आणि आता एकच पायरी उरली आहे. घर खचलेलं नाही, पण बाहेरची जमीन वर आली.

दुसरी ओल छातीच्या उंचीवर होती, एकाच जागी, परातीएवढी. पलीकडे न्हाणीघर. ही ओल खालच्या ओलीला जोडलेली नव्हती, मध्ये हातभर भिंत कोरडी होती. त्या जागेवर आणि एका कोरड्या जागेवर आम्ही हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवलं. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला दव आलं, तर घरातल्या वाफेचा दोष, खिडकी उघडी ठेवायला हवी. भिंतीकडच्या बाजूला पाणी आलं, तर ते भिंतीतूनच येतंय. इथे ते भिंतीकडून होतं.

मग टाकीची परीक्षा. रात्री टाकी भरून घेतली, वर येणारा नळ बंद केला, घरातलं कुणी पाणी वापरायचं नाही असं ठरवलं आणि पाण्याच्या रेषेवर खडूने खूण केली. सकाळी पाणी चार बोटं खाली. दुसऱ्या रात्री न्हाणीघराकडे जाणारी चावी बंद करून तेच केलं, तर पाणी होतं तिथेच. म्हणजे गळती न्हाणीघराच्या पाइपातच. प्लंबरने दोन फरश्या काढल्या, आत कोपराचा जोड सुटलेला. जोड, मजुरी आणि फरशी धरून काम अडीच हजारांच्या आत झालं. काकू त्या दिवशी बांगडीबद्दल काही बोलल्या नाहीत, पण आम्हाला ती आठवलीच.

आता लोण्याचं. याला झटपट इलाज आहे असं कुणी सांगितलं तर सावध राहा. आधी बाहेरची माती भिंतीपासून खणून जोत्याच्या खाली न्यायची आणि पाणी वाहून जाईल असा उतार किंवा गटार काढायचं. वरच्या पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडत असेल तर पन्हळ लावायची. मग आतला खराब गिलावा, डागाच्या वर फूटभर धरून, विटेपर्यंत काढायचा. विटांमधले सांधे खरवडायचे. मीठ कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरून बाहेर टाकायचं. धुवायचं नाही. धुतलं की मीठ विरघळून परत विटेत जातं. नंतर भिंत उघडीच ठेवायची, आठवडाभर नाही तर महिना-दोन महिने. पाहुणे काय म्हणतील, हा प्रश्न आमच्याही गटात आलाच. पण ओल्या भिंतीवर पीओपी, पुट्टी किंवा ऑइल पेंट म्हणजे भिजलेल्या पायावर मोजा घालणं. पाणी बाहेर येऊ शकत नाही, मग ते वर चढतं. अर्ध्या भिंतीला टाइल लावून ओल झाकली की पुढच्या वर्षी ती टाइलच्या वर दिसते. आमच्याच गटात अशी दोन घरं आहेत. भोकं पाडून भिंतीत रसायन भरायची पद्धतही आहे. ती महाग आहे आणि आम्ही अजून केलेली नाही, म्हणून तिच्याबद्दल बोलत नाही.

गिलाव्याला वाळू कुठली, हे गवंड्याला विचारा. खाडीची वाळू नको. मिठागराच्या गावातल्या बाईला चिमूटभर वाळू जिभेला लावून खारट कळलं नाही तर कुणाला कळणार! बोअरिंगचं पाणी खारं असेल तर कालवायला गोडं पाणीच घ्या, हंडे वाहावे लागले तरी. सिमेंटच्या गोणीवरची तारीख वाचा, तीन महिन्यांहून जुनं नको. गिलाव्यात घालायचं वॉटरप्रूफिंगचं द्रव बहुतेक 50 किलोच्या गोणीला 200 मिली असतं, पण डब्यावर लिहिलेलं प्रमाणच खरं. जास्त घातलं म्हणजे जास्त टिकतं असं नाही. आणि गिलावा झाला की निदान सात दिवस त्याला पाणी मारायचं. हे काम गवंडी करत नाही, आपल्याच अंगावर येतं, तेव्हा ते मजुरीत धरू नका.

काकूंच्या घरी आम्ही गेलो होतो भिंतीसाठी, पण नजर वर गेली. पुढच्या खोलीत स्लॅबला तांबूस रेघा होत्या, सरळ ओळीत, आणि त्याच ओळीत बारीक तडा. काठीला नाणं बांधून ठोकलं, तर एका जागी खणखणीत आवाज, दुसऱ्या जागी बद्द. खाली सुनेच्या बाळाचा पाळणा. तो आम्ही तिथल्या तिथे दुसऱ्या भिंतीला हलवला. पंधरा दिवसांत परातभर खपली खाली आली.

छतातली सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. त्यावर नुसता गिलावा थापला की तो सळईचा गंज झाकतो, थांबवत नाही. सुटलेलं सगळं काढून, सळई घासून, गंजरोधक लावून मग त्यासाठी मिळणाऱ्या मसाल्याने भरायचं. सळई खाऊन बारीक झाली असेल तर गवंड्यावर सोडू नका, इंजिनिअरला दाखवा, त्याची फी देणं परवडतं. आणि मूळ वर गच्चीवरच असतं. काकूंच्या गच्चीची पाणी जायची वाट कुंड्यांनी अडली होती. गच्चीला शंभर इंचाला इंचभर तरी उतार हवा आणि कठड्याच्या बुडाशी गोलाई हवी. गळलं की कोब्यावर आणखी कोबा, हे आमच्याकडे सर्रास चालतं. दर थराचं वजन त्याच स्लॅबवर येतं. जुना काढून मगच नवा घाला. गच्चीवर पत्र्याची शेड करायची असेल तर आधी महापालिकेत परवानगीचं विचारा.

कौलांच्या घरांचं आपल्याला माहीतच आहे, मे संपायच्या आत फुटकी बदलायची. पश्चिमेच्या भिंतीवर झड येते, म्हणून आमच्या आज्या झावळ्यांची झापं बांधायच्या. आता आम्ही ताडपत्री लावतो. कल्पना त्यांचीच.

घरात पुराचं पाणी शिरलं तर गोष्ट वेगळी. 2005 चा 26 जुलै आपण विसरलो नाही. 2018 च्या जुलैत वसईतल्या मिठागरांवर शेकडो माणसं पाण्यात अडकली होती, तेही आठवतं. पाणी उतरलं की पहिली घाई झाडू घेण्याची होते. थांबा. आधी पाण्याची रेघ भिंतीवर पेन्सिलीने आखा, तारीख लिहा, खोलीखोलीचे आणि सामानाचे फोटो काढा. तलाठी पंचनाम्याला येतील तेव्हा हेच हातात असतं. पुराचं पाणी लागलेलं धान्य ठेवू नका, जीव तुटतो पण टाकाच. पायात बूट घालून गाळ काढा. जखम असेल किंवा नंतर ताप आला, तर अंगावर न काढता दवाखान्यात जा आणि पाण्यात होतो हे डॉक्टरांना सांगा, लेप्टोचं निदान त्यावरून लवकर होतं. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागच्या भिंतीला वारा लागू दे.

शेवटी कर्जाचं. काकूंना आम्ही पैसे दिले, पण तीन वेळा. पहिले वायरमन आणि प्लंबरला. दुसरे स्लॅबला, पावसाच्या आधी. गिलाव्याचे दिवाळीनंतर, भिंत वाळल्यावर. मिस्त्रीशी कागद केला: काम काय, सामान कुठलं, आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावर. एक मिस्त्री त्या अटीवर उठून गेला. दुसरा थांबला.

गौरी आल्या तेव्हा त्या स्वयंपाकघरात गुडघ्यापर्यंत नुसत्या विटा होत्या. काकूंनी त्यांच्यापुढे एक जुनी साडी लावली आणि वर तोरण बांधलं. सासूबाईंचा खोकला गेला नाही, पण रात्री झोप लागते म्हणाल्या. गिलावा या जानेवारीत झाला. खालच्या एका कोपऱ्यात पुन्हा थोडा पांढरा भुरा दिसतोय, तो आम्ही दर महिन्याला झाडतो आणि खडूने त्याची कड आखून ठेवतो, वाढतोय का ते कळायला.

येत्या रविवारी आम्ही आळीतली आणखी दोन घरं बघायला जाणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी सकाळी नऊला चंडिका मातेच्या पायथ्याशी या. येताना नाणं आणि खडू आणा, प्लास्टिक आमच्याकडे आहे.